गर्भाचे चुंबकीय मापन

गर्भाच्या हृदयातील व मेंदूतील विद्युत् प्रवाहांमुळे निर्माण होणारी अतिक्षीण चुंबकीय क्षेत्रे मातेच्या उदराबाहेरून, शरीरात कोणतेही उपकरण न घालता मोजण्याच्या पद्धतीस ही संज्ञा आहे. हृदयाच्या आलेखास गर्भाचा चुंबकीय हृल्लेख आणि मेंदूच्या आलेखास चुंबकीय मस्तिष्कालेख म्हणतात.

गर्भाचे हृदय ऐकण्याचा प्रयत्न जुना आहे. जिनीव्हा येथील शल्यविशारद मायोर यांनी १८१८ मध्ये उदराला कान लावून हे ठोके ऐकले, तर केर्गाराडेक यांनी १८२१ मध्ये त्यासाठी नव्याने निघालेल्या स्टेथॉस्कोपचा उपयोग केला. १९०६ मध्ये क्रेमर यांनी गर्भाचा पहिला विद्युत् हृल्लेख मिळविला. परंतु या पद्धतीत एक नैसर्गिक अडचण आहे. सुमारे २८ व्या आठवड्यापासून गर्भाच्या त्वचेवर मेणचट लेप असतो व तो विद्युत् निरोधकाचे कार्य करतो. त्यामुळे जेव्हा आलेखाची निकड असते, नेमक्या त्याच काळात तो पुसट होतो. चुंबकीय क्षेत्राला मात्र हा लेप, गर्भजल किंवा मातेचे स्नायू यांचा फारसा अडथळा होत नाही.

अडचण आहे ती क्षीणतेची. गर्भाच्या हृदयाचे क्षेत्र उदरपृष्ठावर काही पिकोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे एक कोट्यंश, एवढेच असते. मातेच्या हृदयाचे क्षेत्र त्याहून पुष्कळ मोठे असते आणि गर्भाच्या मेंदूचे त्याहून शंभर पट किंवा अधिक लहान असते. शहरातील वीजवाहिन्या, उद्वाहक व रेल्वे यांच्या गोंगाटात असे संकेत सहज बुडून जातात. असा गोंगाट महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत विजेवरील ट्रामगाड्या येणार असे ठरताच कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी निरुपयोगी होणार हे ओळखून संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबाग येथे चुंबकीय सामग्री वर्ज्य करून नवी वेधशाळा उभारली. तेथील नोंदी १९०४ मध्ये सुरू झाल्या व १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेऊन जुनी मालिका नवीशी जोडण्यात आली. वेधशाळा समुद्रापलीकडे नेता येते, प्रसूतिगृह नेता येत नाही. म्हणून येथे निकेल-लोह मिश्रधातूच्या भिंतींचा कक्ष बांधावा लागतो आणि उलटसुलट दिशांनी गुंडाळलेल्या वेटोळ्यांच्या साहाय्याने दूरच्या उगमांचे क्षेत्र वजा करावे लागते.

हृदयाचे चुंबकीय क्षेत्र बाउले व मॅकफी यांनी १९६३ मध्ये प्रथम मोजले. त्यासाठी त्यांनी लक्षावधी वेढ्यांची वेटोळी वापरली होती. जोसेफसन यांनी १९६२ मध्ये वर्तविलेल्या आविष्कारावर आधारलेला अतिसंवाहक चुंबकमापक (स्क्विड) १९६४ मध्ये तयार झाला, आणि कोएन, एडेलसॅक व झिमरमन यांनी १९७० मध्ये तो कवचित कक्षात मानवी हृदयासाठी वापरला. हे उपकरण द्रवरूप हेलियमात, −२६९° से. तापमानास ठेवावे लागते. १९७४ मध्ये फिनलंडमधील कारिनिएमी व सहकाऱ्यांनी गर्भाचा पहिला चुंबकीय हृल्लेख प्रसिद्ध केला. बर्लिनमध्ये ब्लूम, झालिंग व बाउअर यांनी १९८५ मध्ये ध्वनीला गर्भाच्या मेंदूने दिलेला प्रतिसाद नोंदविला. अमेरिकेतील लिटल रॉक येथे २००० च्या सुमारास १५१ संवेदकांचे खास उपकरण बसविण्यात आले. त्याच्या अंतर्गोल पृष्ठावर माता उदर टेकून बसते. गर्भ जसजसा वाढतो तसतसा ध्वनी व प्रतिसाद यांमधील कालावधी कमी होतो, असे अशा मापनांतून दिसून आले.

हृदयाच्या बाबतीत पद्धतीचे मोल अधिक निर्विवाद आहे. श्राव्यातीत तरंगांनी हृदयाची हालचाल दिसते, परंतु स्पंदनानंतर स्नायू विद्युत्‌दृष्ट्या पूर्वस्थितीवर येण्यास लागणारा काळ मोजता येत नाही. हा काळ लांबण्याचा आनुवंशिक विकार गर्भाच्या आकस्मिक मृत्यूस कारण होऊ शकतो. तो जन्मापूर्वी ओळखण्याचे काम विस्कॉन्सिन विद्यापीठातील वाकाई व सहकाऱ्यांनी पुढे नेले. चुंबकीय मापनात गर्भाचे चित्र उमटत नाही. ज्या राज्याला गर्भजल परीक्षेचा लिंगनिदानासाठी दुरुपयोग झाल्यामुळे १९८८ मध्ये प्रसवपूर्व निदानाविषयी कायदा करावा लागला, तेथे हा गुण क्षुल्लक म्हणता येणार नाही.

मेंदूच्या मापनाची उणीव कोठे भासते हे पुण्यातील संशोधनावरून कळते. के. ई. एम. रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये माता-पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. नवजातांचे सरासरी वजन सुमारे २.७ किग्रॅ. होते व बहुसंख्य मातांमध्ये ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. त्याच मालिकेतील विद्या भाटे व सहकाऱ्यांच्या २००८ मधील निबंधानुसार, गर्भारपणी ब१२ फार कमी असलेल्या मातांची मुले वयाच्या नवव्या वर्षी अवधान व अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे होती. आहारातील उणिवेचा मेंदूवरील परिणाम पडताळण्यासाठी संशोधकांना नऊ वर्षे थांबावे लागले. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे गर्भकालीन मधुमेह असलेल्या मातांच्या गर्भांचा प्रतिसाद भोजनोत्तर मंदावतो असे चुंबकीय मापनाने जन्मापूर्वीच दाखविण्यात आले आहे. मधुमेह आणि गर्भपोषण यांचा संबंध हाच पुण्याच्या अभ्यासाचाही गाभा आहे.

भारतात कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने अतिसंवाहक चुंबकमापक तयार करून प्रौढांच्या हृदय व मेंदूच्या मापनासाठी वापरले आहेत. महागडे हेलियम हा प्रसारातील मोठा अडसर होय. रुबिडियमाच्या बाष्पावर चालणारे प्रकाशीय चुंबकमापक द्रवरूप हेलियमाविना चालतात व उदराच्या अगदी निकट ठेवता येतात. कवचित कक्ष मात्र त्यांनाही लागतो.