उटणे, शिकेकाई आणि सुरतेकडची मराठी घरे

सुरतेजवळ तापीच्या मुखाशी वसलेल्या हजीऱ्यात खत व वायुप्रक्रियेचे मोठे कारखाने 1980 च्या दशकात उभे राहिले. खानदेशातून सुरतेकडे येणाऱ्यांची वाट मात्र त्याहून जुनी असून, 1900 च्या सुमारास अमळनेरपर्यंत पोहोचलेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेने ती सुकर केली. या वाटेने आलेल्या मराठी संसारांची स्नानसामग्री मुख्यतः स्वयंपाकघरातली आणि काष्ठौषधींच्या दुकानातली होती. अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळून केलेले स्नान, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या उपभोगांत गणले आहे. बेताच्या मिळकतीच्या घरात मात्र चंदन नावापुरते घालून मसूर वा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा आणि वाळा यांवरच उटणे भागवले जाई. केसांसाठी शिकेकाई, रिठा व आवळकाठी रात्री लोखंडी कढईत भिजवून सकाळी उकळत. त्यातील सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारे नैसर्गिक द्रव्य, तेलकटपणा सोडवी आणि आवळ्यातील टॅनिन लोखंडाशी संयोग पावून पाणी काळे करी. 1888 मध्ये सनलाइट हा विलायती साबण भारतात आला, पुढे देशी वड्याही स्वस्त झाल्या, तरी उटणे पुरते हटले नाही. तेव्हा या प्रथेचे श्रेय निव्वळ काटकसरीला देणे अपुरे ठरते. शिकेकाई रोजच्या न्हाणीघरातून जवळपास गेली, उटणे नरकचतुर्दशीच्या पहाटेपुरते राहिले.