दर्यांत पडलेल्यांचीं स्मारकें

रणांत पडलेल्या वीराचा दगड उभारण्याची चाल महाराष्ट्रांत प्राचीन आहे. गांवच्या वेशींवर व शिवालयांच्या आवारांत उभे असलेले वीरगळ तिची साक्ष देतात. परंतु ज्याचा देहच समुद्रानें गिळला, त्याची खूण कोठें ठेवावी? मुंबई व साष्टीच्या भूमीवर या प्रश्नाचीं दोन उत्तरें सांपडतात.

पहिलें उत्तर बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांचें. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची झुंज, आणि वरच्या थरांत वीरांचें स्वर्गारोहण व शिवलिंगाची पूजा कोरलेली आहे. शिलाहार सोमेश्वर व देवगिरीचा यादव महादेव यांच्यांत सन १२६५ च्या सुमारास झालेल्या युद्धाचें हें चित्र असावें, असें अनेक संशोधक मानतात. सोमेश्वर समुद्रांत बुडाल्याची हकीकत हेमाद्रीच्या प्रशस्तींत आहे. पण ती जेत्याच्या पदरच्या पंडिताची. नौकांत लढून मेलेल्या सामान्य वीरांना प्रशस्ति नाहीं. दगड तेवढा आहे, आणि त्यावर नांव वाचतां येत नाहीं.

दुसरें उत्तर मशीद बंदरावरील हिंदी खलाशांच्या विश्रामगृहांत आहे. १९१४-१८ च्या महायुद्धांत मरण पावलेल्या व समुद्रावांचून दुसरी समाधि नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचें हें स्मारक होय. दुसऱ्या महायुद्धांतील सुमारें ६,५०० नाविकांच्या स्मरणार्थ एकाच मजकुराच्या दोन याद्या करण्यांत आल्या. एक मुंबईस, दुसरी आतां बांगलादेशांत असलेल्या चितगांवीं. एकसरला कथा आहे, नांव नाहीं; येथें नांवें आहेत, कथा नाहीं.

परराज्याच्या चाकरींत मेलेल्यांचें स्मरण कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, वीरगळ राजाच्या न्यायान्यायाचा निवाडा करीत नाहीं; तो मेलेल्या माणसाची आठवण राखतो. बोटीच्या पोटांत कोळसा ओढणाऱ्या आगवाल्यानें युद्ध पुकारलें नव्हतें. पोटासाठीं तो बोटीवर चढला व पाणबुडीच्या माऱ्यांत बुडाला. साम्राज्याचा गौरव करणें वेगळें आणि या माणसाचें ऋण मानणें वेगळें.

आतां कर्तव्य कोणतें? रोमन अक्षरांत 'त' व 'ट', 'द' व 'ड' यांचा भेद राहत नाहीं. त्यामुळें अशा याद्यांतील नांवांवरून मूळ आडनांव व गांव ठरविणें कठीण जातें. त्यास कोंकणांतील घरोघरचीं कागदपत्रें हाच उपाय: बोटीवरून आलेलें पत्र, खलाशाची नोकरीची वही, मनिऑर्डरची पावती, मृत्यूची खबर देणारा सरकारी कागद. पेशव्यांच्या सनदा आपण रेशमी रुमालांत जपतों. हे कागद मात्र जुन्या पेटींत वाळवीच्या तोंडीं पडले आहेत. संग्राहकांनीं त्यांच्या नकला उतरवून ठेवाव्या व यादींतील नांवांशीं ताडून पहाव्या. दहा नांवांचीं जरी गांवें निश्चित झालीं, तरी दहा वीरगळ आपापल्या वेशींवर परत आले असें आम्ही समजूं.