मानेतला खिळा

चालता चालता पायातली चप्पल निसटली आणि त्याला कळलंच नाही. बिरवाडीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्याने ती उचलून दिली. माझा हा मामेभाऊ महाडच्या औद्योगिक वसाहतीत गोणी वाहायचा. मान जन्मतःच आखूड. लहानपणी आम्ही त्याला 'बिनमानेचा' म्हणून चिडवत असू. पुढे शर्टाचं बटण लावता येईना. कुणी म्हणालं, अंगावरून वारं गेलं. कुणी तेल चोळलं. एकाने तर मान कडकन मोडून दिली! त्या रात्रीपासून त्याला उठून बसता येईना.

मानेत सात मणके. पहिल्याचं नाव अ‍ॅटलास, ग्रीक पुराणात आकाश पेलणारा तो. (आपल्याकडचा हमाल म्हणा ना!) दुसऱ्या मणक्यातून हाडाचा एक खुंट वर येतो. जात्याच्या खालच्या तळीत खिळा असतो आणि वरची तळी त्याभोवती फिरते, तसा पहिला मणका या खुंटाभोवती फिरतो. मानेचं जवळजवळ निम्मं वळणं या एकाच सांध्यात. काहींच्यात जन्मतःच पहिला मणका कवटीला चिकटलेला असतो, काहींचा खुंट सुटा राहतो. मग सांधा सरकतो आणि मागची मज्जारज्जू चेपली जाते. हे वर्षानुवर्षं मुकाट चालतं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी असे २८ रुग्ण बारकाईने अभ्यासले आणि १९६७ साली 'ब्रेन' या ब्रिटिश नियतकालिकात त्यांवर लिहिलं. इलाज मात्र अवघड होता. मागून तारेने मणके बांधत. तार ढिली पडे, तुटे. परळच्या के.ई.एम.मध्ये डॉ. अतुल गोयल थेट सांध्यात शिरले. दोन्ही बाजूंचे सांधे उघडायचे, कूर्चा खरवडायची, हाडाचे तुकडे भरायचे आणि पट्टी-स्क्रूने दोन्ही मणके जखडायचे. शेजारून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी, चूक झाली तर संपलंच. १९९४ साली त्यांनी डॉ. लाहेरींसह ही पद्धत प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरली. आज जगभर तिला गोयल-हार्म्स पद्धत म्हणतात. गिरणगावातल्या, आपल्या कोकणी चाकरमान्यांच्या परळचं हे देणं आपल्याच लोकांना फारसं ठाऊक नाही, याची मला चुटपुट लागते.

मामेभावाला १९९६ साली एस.टी.च्या मागच्या सीटवर आडवं निजवून मुंबईला नेलं. शस्त्रक्रिया झाली. गोणी सुटल्या, पुढे त्याने पानाची टपरी टाकली. आता हाक मारली की तो नुसती मान वळवत नाही, सगळा देहच वळवतो.