रुमालाखालचा भाव

'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. ते म्हणायचे 'लेइलांव'. भाषेचे अभ्यासक त्याचं मूळ आणखी मागे, अरबीत शोधतात, आणि तिथे त्याचा अर्थ निघतो: जाहीर करणं, सगळ्यांना कळवणं. आपला 'बोली' हा शब्द तर सरळ बोलण्यातूनच आलाय. म्हणजे दोन्ही शब्द सांगतात, भाव मोठ्यानं बोलायचा असतो. गंमत अशी की आपल्या बाजारांत कितीतरी पिढ्या भाव ठरत होता तो अजिबात न बोलता.

त्या पद्धतीला 'हत्ता' म्हणायचे. शेतकऱ्यानं माल आणून ओतायचा. दलालानं हातावर उपरणं नाहीतर रुमाल टाकायचा. मग एकेक व्यापारी पुढे येणार, रुमालाखाली दलालाचा हात धरणार आणि बोटं दाबून आपला भाव सांगणार. किती बोटं, कुठलं पेर, कितीदा दाबलं, यात सगळा हिशेब. सगळ्यांचे हात लागून झाले की दलाल शेतकऱ्याला एक आकडा सांगणार. तो आकडा खरंच सगळ्यात वरचा होता का, हे दोनच माणसांना माहीत. ज्याचा माल, तो तिसरा.

हे फार जुनं वाटत असेल तर एखाद्या जनावरांच्या बाजारात सकाळी लवकर जाऊन उभे राहा. बैलाच्या पाठीशी दोन माणसं हातात हात घालून गप्प उभी असतात आणि वरून टॉवेल टाकलेला असतो. फोनवर यूपीआयनं पैसे जातात, पण भाव अजून टॉवेलाखालीच असतो.

मी राहतो उचगावात. कोल्हापूरच्या पूर्वेला, पुणे-बंगळुरू महामार्गाला चिकटून. एका बाजूला गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली. दुसरीकडे, गाडीवर थोड्याच वेळात, मार्केट यार्डातला गुळाचा बाजार. गांधीनगरात घासाघीस चालते, यार्डात सौदे निघतात आणि आमच्या वयाची सगळी पोरं फोनवर खरेदी-विक्री करतात. माल विकायच्या तीन तऱ्हा एवढ्या जवळजवळ नांदताना बघितल्या की प्रश्न पडतो: लिलाव फोनवर गेला म्हणजे नक्की काय बदललं?

त्यासाठी आधी रुमाल कुणी काढला ते बघू.

१८८६ साली वऱ्हाडातल्या कारंज्याला, आजच्या वाशीम जिल्ह्यात, कापसाच्या बाजाराला पहिल्यांदा नियम लागले. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचंच नाव घेतात. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा आला म्हणून हे झालं, असं समजायचं कारण नाही. त्यांना गिरण्यांसाठी स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस हवा होता, आणि तो हवा तर बाजाराला शिस्त हवी. पण शिस्त आली की तिचा फायदा थोडा ज्याचा माल त्यालाही होतो. लगेच पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, नेदरलँड्समधल्या ब्रूक ऑप लांगेडाइक या गावात भाजीचा लिलाव सुरू झाला. तिथले शेतकरी होड्यांतून फ्लॉवर आणायचे. पुढे डच लोकांनी त्याला घड्याळ जोडलं: काटा वरच्या भावापासून खाली येतो आणि जो पहिल्यांदा थांबवतो त्याचा माल. दोन्ही ठिकाणी दुखणं एकच होतं, विकणाऱ्याला भाव दिसत नव्हता.

१९२६ ते १९२८ या काळात लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीसाठी शाही आयोग नेमला होता. त्यानंही नियंत्रित बाजारांची जोरदार शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९२७ ला कापूस बाजारांचा कायदा झाला, १९३९ ला सगळ्या शेतमालासाठी. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, मुंबई राज्यात आलं ते १९४९ च्या मार्चमध्ये. पण इथे व्यापारी पेठ त्याआधीच वसली होती. १८९१ ला मिरजेहून रेल्वे आली, १८९४ ला शाहू महाराज गादीवर बसले आणि दुसऱ्याच वर्षी, १८९५ ला, त्यांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. रेल्वे स्टेशनला लागून पेठ, हा विचारच किती रोकडा आहे बघा. गूळ बैलगाडीनं यायचा आणि वाघिणीतून जायचा, मुख्यतः गुजरातेत.

आज महाराष्ट्रात सगळं चालतं ते १९६३ च्या बाजार समिती कायद्याखाली. माल उघड लिलावात विकायचा, भाव मोठ्यानं बोलायचा. इथे त्याला लिलाव कुणी म्हणत नाही, 'सौदे' म्हणतात. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात आणि पहिल्या रव्याला काय भाव मिळाला याची दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते. (रवा म्हणजे उपम्याचा नव्हे, गुळाची ढेप. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितलं.) व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकतो. कुणी रव्यावरून हात फिरवतो, कुणी चिमूटभर तोंडात टाकतो, आणि आकडे सुरू होतात.

या उघड सौद्यात भाव आणि माल दोन्ही डोळ्यांसमोर असतात. रुमालात माल दिसायचा, भाव दिसायचा नाही. आता फोनवर या. तिथे भाव दिसतो, कोण किती चढला ते रुपयासकट दिसतं, पण माल दिसत नाही. दिसतो त्याचा फोटो.

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिदियार या प्रोग्रॅमरनं कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' नावाची साइट सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. तिथे पहिली विकली गेलेली वस्तू म्हणून जिचं नाव घेतात तो होता एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. ओमिदियारनं घेणाऱ्याला विचारलं, अहो, हा बिघडलाय, ठाऊक आहे ना? उत्तर आलं, मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. हा किस्सा सगळे हसत सांगतात. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो ओमिदियारचा प्रश्न. माल समोर नाही म्हटल्यावर कुणीतरी हा प्रश्न विचारायलाच हवा. हजार सौद्यांत तो विचारणार कोण? म्हणून १९९६ मध्ये ईबेनं घेणाऱ्या-विकणाऱ्यांना एकमेकांबद्दल शेरा लिहायची सोय केली. तुम्ही आज कुठलीही वस्तू घेताना जे तारे मोजता, त्यांचा हा आजोबा.

पण तारेसुद्धा काही नवे नाहीत. गुजरातेतल्या पेढीनं शाहूपुरीतला गूळ घेतला, तेव्हा तिनं तो रवा कुठे पाहिला होता? तिनं पाहिला होता तो इथला अडत्या, त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव. मागच्या हंगामात ओला माल पाठवला तर पुढच्या हंगामात तिची खरेदी दुसऱ्या दुकानात जायची. दूरवरून न बघता माल घेणं शंभर वर्षं चालूच होतं. ईबेनं फक्त अडत्याच्या जागी अनोळखी लोकांचे शेरे बसवले.

आपल्याकडे हा प्रयोग मुंबईतून झाला. २००० साली 'बाझी डॉट कॉम' सुरू झाली, २००४ मध्ये ईबेनं ती सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षी एका विक्रेत्यानं तिथे बेकायदा चित्रफीत विकायला ठेवली आणि डिसेंबरात दिल्ली पोलिसांनी साइटच्या प्रमुखाला अटक केली. देशभर चर्चा झाली: बाजारात कुणी वाईट माल आणला तर दोष बाजार चालवणाऱ्याचा का? पुढे २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा बदलला आणि मधल्या कंपनीनं योग्य काळजी घेतली असेल तर तिला संरक्षण मिळालं. बाजार समितीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिथे परवाना असल्याशिवाय कुणी अडत्या होत नाही आणि प्रत्येकाचं दुकान सगळ्यांना माहीत असतं. फोनवरच्या बाजाराला गेट नव्हतं.

ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. तोवर लिलाव मागे पडला होता. ठरलेली किंमत, घरपोच माल, पैसे दारात, आवडलं नाही तर परत. मोबाइलच्या कव्हरसाठी तीन दिवस बोली लावत कोण बसणार? लिलाव तिथेच उरला जिथे किंमत आधी कुणालाच माहीत नसते: जुनी नाणी, भंगार, जप्त गाड्या. आणि हवेतल्या लहरी. २०१० मध्ये थ्रीजी स्पेक्ट्रमचा ऑनलाइन लिलाव झाला. ३४ दिवस, १८३ फेऱ्या, सरकारला ६७ हजार कोटींच्या वर रक्कम. त्याआधीचे टूजी परवाने 'जो आधी येईल त्याला' असे वाटले गेले होते. त्यातले १२२ सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये रद्द केले. तो रुमाल जरा मोठा होता, एवढंच.

एका बाबतीत मात्र यार्डातला पुकारा करणारा माणूस ईबेपेक्षा हुशार ठरतो. 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणजे नक्की काय? शेवटची बोली आली की तो थांबतो, सगळ्यांना संधी देतो, कुणी चढलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजतो. वेळ संपली म्हणून लिलाव संपत नाही, बोलणारे संपले की संपतो. ईबेवर मात्र घड्याळ ठरलेलं. मग लोक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत दबा धरून बसतात आणि समोरच्याला उत्तर द्यायला वेळच मिळू नये अशी बोली टाकतात. ॲमेझॉननंही काही काळ लिलाव चालवले, तिथे शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटं शांत जाईपर्यंत लिलाव चालू राहायचा. आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हींची तुलना केली. ईबेवर दबा धरणारे कितीतरी जास्त निघाले. थ्रीजीचा लिलावही फेऱ्याफेऱ्यांनी, कुणी चढेनासं होईपर्यंत चालला. थोडक्यात, तीन वार.

आता गुळाकडे परत येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे.

माझे मामा पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळ चालवतात. उसाचा रस काहिलीत उकळत असताना मळी काढण्यासाठी पूर्वी रानभेंडीचा रस टाकायचे. आज बरेच जण त्याच्या जोडीला हायड्रॉसची पावडर टाकतात. रस उजळतो, रवा सोनेरी निघतो. काही आठवड्यांनी तो पुन्हा काळवंडायला लागतो, पण तोवर सौदा होऊन गेलेला असतो. व्यापारी डोळ्यांनी भाव करतो आणि डोळ्याला पिवळा आवडतो. म्हणजे उघड सौद्यातही एक गोष्ट झाकलेलीच होती. भाव दिसला, रंग दिसला, रंगाच्या आत काय आहे ते दिसलं नाही.

जॉर्ज अकरलॉफनं १९७० मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं: घेणाऱ्याला चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल तर तो सरासरी भाव देतो, मग चांगला माल आणणारा हळूहळू बाजारातून निघून जातो. मामांनी अकरलॉफ वाचलेला नाही. ते म्हणतात, "आरं, न घालता केलेला गूळ यार्डात नेला तर लोक म्हणत्यात जळला काय?"

१४ एप्रिल २०१६ ला केंद्र सरकारनं ई-नाम सुरू केलं. कागदावर ही योजना नेमकी याच दुखण्यावरची आहे. गेटवर मालाची नोंद, प्रयोगशाळेत तपासणी, मग तपासणीच्या आकड्यांसह तो माल पडद्यावर, कुठूनही बोली, भाव पटला नाही तर शेतकऱ्याला नाकारायची मुभा, पैसे थेट खात्यात. देशात तेराशेहून जास्त बाजार जोडले गेलेत. पण दुसऱ्या राज्यातून लागणाऱ्या बोली त्यात अजून थोड्याच. बहुतेक ठिकाणी त्याच आवारातले तेच व्यापारी आता फोनवर आकडा टाकतात. यंत्र बसवणं सोपं असतं. ढिगाऱ्यातला नमुना काढून, वेळेत तपासून, त्या कागदावर गुजरातेतल्या माणसाचा विश्वास बसेल असं रोज काम करणारी माणसं ठेवणं अवघड. माझ्या मते सगळं अडलंय ते इथे, ॲपमध्ये नाही.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव राखलं गेलं, पण मानांकनाचा शिक्का फोटोत हायड्रॉस दाखवत नाही. ऑनलाइन 'कोल्हापुरी गूळ' शोधून बघा: सगळे फोटो उजळ, कोवळ्या उन्हासारखे. स्क्रीनवर तपकिरी रवा हरतो. यार्डात निदान चाखून बघायची सोय असते.

मामांनी गेल्या दोन हंगामांत एक वाट काढलीय. सोनेरी रवे पाडव्यापासून सौद्याला जातात. तपकिरी गूळ किलो-किलोच्या ढेपांत बांधून ते माझ्याकडे उचगावला पाठवतात आणि मी तो व्हॉट्सॲपवर ठरलेल्या किमतीत विकतो, बोली नाही. पुण्यातल्या एका ताईंनी पहिल्यांदा विचारलं, रंग असा का? मी त्यांना काहिलीचा व्हिडिओ पाठवला, भेंडीच्या रसासकट. त्यांनी दोन किलो मागवला, मग पाच. आता त्यांच्या सोसायटीतून विचारणा येते. मामा विचारतात, सौद्यात यापेक्षा जास्त मिळाला असता का. हिशेब केला तर वाहतूक, बांधणी आणि माझा वेळ धरून फारसा फरक पडत नाही. तरी यंदा त्यांनी निम्मी काहील तपकिरीसाठी ठेवायचं ठरवलंय.