काळ्या मातीवरच्या शाळा : परभणी जिल्ह्यातील सार्वजनिक बांधकामाचा मागोवा

परभणी जिल्ह्याचा इतिहास यादव, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा राजवटींच्या क्रमाने सांगण्याची रीत आहे, आणि राजकीय इतिहासापुरती ती योग्यही आहे. परंतु या जिल्ह्यातील विहिरी, कचेऱ्या, कालवे आणि शाळा यांचा इतिहास लिहायचा झाल्यास राजवटींपेक्षा मातीकडे आधी पाहावे लागते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत बेसॉल्ट खडकावर काळ्या मातीचा थर पसरलेला असून नदीकाठी त्याची जाडी बरीच वाढते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज विपुल असते. ते पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस आणि ज्वारी यांना ओल धरून ठेवणारा हाच गुण इमारतीला मात्र मारक ठरतो, कारण उथळ पायावर उभी केलेली भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी खचते.

जुन्या गावरचनेने हा प्रश्न जागेच्या निवडीतूनच सोडवला होता. मराठी मुलखात शेतीच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची प्राचीन परंपरा आहे. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीमुळे उंचावलेली, राख आणि पडलेल्या भिंतींची माती मिसळून फिकट झालेली गावठाणाची जमीन. ती काळीइतकी फुगत नाही. गढी, वाडा, मारुतीचे देऊळ, चावडी हे सारे पांढरीवर आणि पीक काळीवर, ही विभागणी महसुली सोयीची होती तशी बांधकामाच्या दृष्टीनेही शहाणपणाची होती. स्वातंत्र्योत्तर काळात ही मर्यादा ओलांडली गेली आणि शाळाखोल्यांच्या पुष्कळशा दुखण्यांचे मूळ त्या ओलांडण्यात सापडते.

काळ्या मातीत उतरून टिकलेल्या जुन्या सार्वजनिक वास्तू म्हणजे बारवा. बारव म्हणजे पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरता येईल अशी दगडी विहीर. सेलू तालुक्यातील वालूर येथील बारवेच्या पायऱ्या सरळ रांगेत न उतरता चक्राकार वळत खाली जातात, आणि जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे जुनी मंदिरे व कोरीव स्तंभ यांच्या सोबतीला पायऱ्यांचे जलस्थान आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री असलेल्या हेमाद्रीच्या नावावरून ज्या बांधणीला हेमाडपंती म्हटले जाते, तिच्यात घडीव दगड चुन्याविना एकमेकांत बसवलेले असतात. या कोरड्या सांध्यांचे वर्णन बहुधा शिल्पशैलीच्या अंगाने केले जाते. बांधकामाच्या अंगाने त्यांचे महत्त्व अधिक आहे. सांध्यांतून मागच्या मातीतले पाणी झिरपून जाते, भिंतीमागे दाब साचत नाही, आणि टप्प्याटप्प्याने मागे सरकणाऱ्या पायऱ्या फुगणाऱ्या मातीचा रेटा वाटून घेतात. शिवाय बारवेचा तळ काळ्या थराखालच्या मुरमात किंवा खडकात पोचलेला असतो. शेकडो वर्षांनंतरही गाळ उपसताच बारवेचे बांधकाम पुष्कळदा शाबूत निघते, ते यामुळेच.

शाळेला मात्र त्या काळी स्वतंत्र इमारत नव्हती. पंतोजींची शाळा देवळाच्या मंडपात, वाड्याच्या ओसरीवर किंवा मठात भरे, आणि मदरसा मशिदीच्या आवारात. यांपैकी पुष्कळ जागा माळवदी बांधणीच्या होत्या. माळवद म्हणजे लाकडी खांब आणि तुळया यांच्या आधारावर फळ्या व त्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर. पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती पसरून ते दरवर्षी गळतीविरुद्ध तयार केले जाई. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आणि हिवाळ्यात कडाक्याने गारठणाऱ्या परभणीत जाड भिंतींची ही माळवदी ओसरी पाठशाळेला अनुकूल होती, पण तिची निगा सतत राखावी लागे.

हैदराबाद–मनमाड हा मीटरमापी लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला, परभणी आणि पूर्णा ही त्यावरची महत्त्वाची स्थानके झाली, आणि कापसाच्या व्यापाराबरोबर लोखंडी तुळया, पत्रे व कौले या भागात येऊ लागली. हैदराबादच्या निजामाच्या, म्हणजे आसफजाही, राजवटीत सार्वजनिक बांधकामाचे खाते ‘तामीरात’ या नावाने ओळखले जाई, तर शाळांची उतरंड तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिक आणि फौकानिया म्हणजे उच्च, अशी होती. राजधानी आणि जिल्हा यांतील अंतर इमारतींत स्पष्ट दिसते. उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीपूर्वी झैन यार जंग आणि सय्यद अली रझा या वास्तुविशारदांना परदेशांतील विद्यापीठे पाहण्यासाठी पाठवण्यात आले, बेल्जियन वास्तुविशारद अर्नेस्ट जास्पर यांची नेमणूक झाली, आणि 1939 मध्ये कला महाविद्यालयाची भव्य वास्तू पूर्ण झाली. परभणीसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला मात्र तालुक्याच्या ठिकाणची मोजकी सरकारी शाळा येई आणि खेडी बहुतांश तशीच राहत. उर्दू माध्यमाच्या त्या व्यवस्थेत मराठी शिक्षण देण्यासाठी मराठवाड्यात ज्या खाजगी संस्था धडपडल्या, त्यांत सेलूच्या नूतन विद्यालयाचे नाव आदराने घेतले जाते. अशा संस्थांच्या इमारती लोकवर्गणीतून खोलीखोलीने वाढल्या, ही बाब पुढील काळाच्या तुलनेत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि 1961 च्या कायद्यानुसार 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गावोगाव प्राथमिक शाळा काढण्याचे प्रचंड काम या संस्थांकडे आले, आणि ते त्यांनी केले, हे निःसंशय मोठे यश आहे; जिथे पिढ्यान्‌पिढ्या शाळा नव्हती तिथे दोन दशकांत ती पोचली. या वेगाला साजेसे साधन म्हणजे नमुना नकाशा. नमुना नकाशा म्हणजे एकदा तयार करून मंजूर केलेला आराखडा, जो दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक जोडून कोणत्याही गावी वापरता येतो: दोन खोल्या, पुढे व्हरांडा, दगडी किंवा विटांच्या भिंती, वर कौले वा पत्रे. वास्तुविशारद प्रत्यक्ष जागेवर येण्याची या पद्धतीत गरजच उरली नाही. शाखा अभियंता, ठेकेदार आणि गवंडी यांच्यावर सारे काम निभावले. नकाशात खोलीची लांबी, रुंदी आणि खिडक्यांची संख्या होती, पण पायाखालची माती प्रत्येक गावी वेगळी असते याची नोंद त्यात करता येणे शक्य नव्हते.

त्यातच गावठाणात मोकळी जागा मिळेना. शाळेसाठी दान मिळालेली किंवा गायरानातून दिलेली जमीन गावाबाहेर असे, आणि ती अनेकदा काळी असे. पायाचा चर मुरूम लागेपर्यंत खोदणे हा नियम, परंतु मुरूम खोल असला की खर्च अंदाजपत्रकाबाहेर जाई. अशा इमारतीचे दुखणे ओळखीचे आहे: खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग जिन्याच्या पायऱ्यांसारखी विटांच्या सांध्यांतून तिरकी वर चढते, पावसाळ्यात मिटल्यासारखी दिसते आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडते, दार चौकटीत अडकू लागते, आणि व्हरांडा मूळ खोलीपासून सुटा होतो. भेग सिमेंटने बुजवली तरी पुढच्या वर्षी ती शेजारून निघते, कारण दोष भिंतीत नसून पायात असतो.

याचे उपाय अज्ञात नव्हते. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी घंटेसारखा रुंदावलेला आणि ऋतुमानाने न हलणाऱ्या थरात रोवलेला काँक्रीटचा खांब, विकसित केला होता. मुंबईच्या आयआयटीतील आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबून बसवलेला थर देण्याची पद्धत मांडली आणि ती कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर वापरली गेली. परभणी जिल्ह्याच्या शिवारात पूर्णा प्रकल्पाचे पाणी आले, 1976 मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडीचा 208 किलोमीटरचा डावा कालवा आला. काळ्या मातीतून कालवा नेणे किती अवघड आहे हे पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांना पुरते ठाऊक होते. हे ज्ञान कालव्याच्या काठावरून शेजारच्या शाळेपर्यंत पोचले नाही, हा या इतिहासातला सर्वांत खेदजनक भाग होय. एकाच जिल्ह्यात दोन खाती एकाच मातीवर काम करत होती आणि त्यांच्या कागदपत्रांची कधी गाठ पडली नाही.

1972 च्या दुष्काळात रस्ते, पाझर तलाव आणि खडी फोडण्याची कामे निघाली, आणि त्याच वर्षी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शाळांच्या बांधणीवर अधिक खोल परिणाम केला तो 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत माळवदाच्या वजनाखाली दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. या भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या थरांना सांधणारे, आरपार जाणारे दगडच घातलेले नव्हते. दोष मातीचा वा दगडाचा नसून बांधणीतील त्रुटीचा होता. तरीही शेजारच्या जिल्ह्यांतही लोकांचा विश्वास जुन्या बांधणीवरून उडाला आणि काँक्रीटची सपाट गच्ची हेच सुरक्षिततेचे चिन्ह बनले.

पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, जागतिक बँकेच्या साहाय्याने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रातील पहिल्या टप्प्याच्या पाच जिल्ह्यांत परभणीचा समावेश झाला. हिंगोली तेव्हा परभणीतच होता, तो 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. या कार्यक्रमात बांधकामावरील खर्चाला एकूण तरतुदीच्या 24 टक्क्यांची मर्यादा होती, आणि तिच्यामुळेच आराखड्याचा नव्याने विचार करणे भाग पडले. देशभर वास्तुविशारदांना शाळाखोलीच्या आराखड्यांच्या कामात आणले गेले, आणि गावाच्या समितीने बांधकामात भाग घ्यावा असा आग्रह धरला गेला. दिल्लीच्या कबीर वाजपेयी यांच्या ‘विन्यास’ या वास्तुसंस्थेने विकसित केलेली ‘बाला’ ही कल्पना, म्हणजे दाराच्या उघडझापीतून कोन, पायऱ्यांतून अंक आणि खिडकीच्या गजांतून अक्षरांची वळणे शिकवणारी इमारत, याच विचारप्रवाहातली होय. महाराष्ट्रात तिचा प्रसार मुख्यतः बोलक्या भिंतींच्या रूपाने झाला. रंगकाम झाले, परंतु खिडकीची उंची, व्हरांड्याची खोली आणि सावली यांविषयीचा तिचा मूळ आग्रह बराचसा बाजूला राहिला.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण यांची यादी आहे. यादी न्याय्य आहे, आणि तिच्यामुळे मुलींची मोठी गैरसोय दूर होण्यास मदत झाली. पायाखालच्या मातीचा उल्लेख मात्र तिच्यात नाही. धोकादायक ठरलेल्या खोल्यांचे निर्लेखन, म्हणजे त्या वापरातून काढून पाडण्यास दिली जाणारी प्रशासकीय मंजुरी, हा जिल्हा परिषदेच्या कामकाजाचा नित्याचा विषय झाला आहे. पाडलेल्या खोलीच्या जागी त्याच नमुन्याची खोली तेवढ्याच उथळ पायावर पुन्हा उभी राहिली, तर तिचेही आयुष्य तेवढेच ठरते. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम या नऊही तालुक्यांत यापुढे शाळाखोलीला मंजुरी देताना, अंदाजपत्रकाची पहिली बाब त्या जागेवरच्या चाचणी खड्ड्याची आणि मातीच्या तपासणीची असावी, असा नियम जिल्हा परिषदेने स्वतःहून करावा. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.