विस्तवाभोवतीची जागा

आग्रा-मुंबई रस्ता इंदूरच्या पलासिया चौकातून जातो आणि त्याच्या अंगालाच, न्यू पलासियात, छप्पन दुकान ही खाण्याची ओळ आहे. संध्याकाळी तिथे उभं राहिलं की दुकानाच्या आतलं फारसं काही दिसत नाही, कारण सगळं काम दाराशीच चाललेलं असतं. तवा पुढे, उलथणं हातात आणि गिऱ्हाईक हातभर अंतरावर. अशा ठिकाणी कोरियन किंवा जपानी पद्धतीचं, टेबलातल्या शेगडीवर आपणच भाजून खायचं जेवण ‘अस्सल’ मिळेल का, असा प्रश्न आता या शहरातही विचारला जातो. त्याचं उत्तर बहुतेक जण मसाल्यात, मांसाच्या जातीत नाहीतर स्वयंपाक्याच्या पारपत्रात शोधतात. या जेवणाचा इतिहास पाहिला तर ही कसोटीच चुकीची ठरते. शेगडीवरचं जेवण अस्सल आहे की नाही, हे विस्तवाभोवती कोण बसतं आणि भाजणारा हात कुणाचा असतो यावरून ठरतं. त्या दृष्टीने पलासियाची बरीचशी तयारी अर्धशतकापूर्वीच सुरू झालेली आहे.

जपानची गोष्ट आधी घेऊ, कारण मुळाची शुद्धता तिथेच पहिल्यांदा ढासळते. सम्राट तेन्मूने 675 साली एप्रिल ते सप्टेंबर या काळात गायबैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्याला बंदी घातली. त्यानंतरही निरनिराळ्या रूपांत मांसाहाराविषयीचा संकोच बाराशे वर्षं टिकला. सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं 1872 च्या जानेवारीत जाहीर झालं, तेव्हा ती राजकीय घटना मानली गेली. म्हणजे आज जगभर ‘जपानी’ म्हणून विकलं जाणारं भाजलेलं मांस मुख्य प्रवाहात येऊन दीडशे वर्षंच झाली आहेत. त्यातलंही टेबलावर भाजायचं ‘याकिनिकू’ हे रूप जपान्यांनी एकट्यांनी घडवलेलं नाही. 1910 ते 1945 या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या वर्षांत लाखो कोरियन माणसं मजुरीसाठी आली किंवा आणली गेली, आणि ओसाकासारख्या शहरात त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. युद्ध संपल्यावर जी सहा लाखांच्या आसपास माणसं तिथेच राहिली, त्यांच्यापैकी अनेकांनी खाणावळी काढल्या. आतडी, काळीज, पोटाचा भाग असे इतरांना नको असलेले तुकडे स्वस्तात मिळत. ते सोया, लसूण आणि तिळाच्या तेलात मुरवून कोळशावर भाजले जात. या पदार्थाला ‘होरुमोन’ म्हणतात. त्या नावाचा अर्थ ओसाकाच्या बोलीत ‘टाकून द्यायची वस्तू’ असा सांगतात. ही व्युत्पत्ती वादातीत नाही, पण ती लोकांना इतकी पटली यातच त्या जेवणाची सामाजिक पायरी कळते.

कोरियातही चित्र फार वेगळं नाही. मुरवून भाजलेलं गोमांस हा राजवाड्यातला आणि सरदारांच्या घरातला जुना पदार्थ आहे. सुवोनची ‘गल्बी’, म्हणजे बरगडीचं मांस, मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तिथल्या गुरांच्या बाजाराच्या आधाराने नावारूपाला आली. डुकराच्या पोटाच्या पट्ट्यांचं ‘समग्योपसल’, जे आज कोरियाचं घराघरातलं जेवण समजलं जातं, ते 1970 आणि 80 च्या दशकांत पसरलं, आणि टेबलावर ठेवायच्या छोट्या गॅसशेगडीने त्याला हात दिला. ज्याला आपण परंपरा म्हणून नमस्कार करतो, ते बरंचसं आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीतलं आहे.

या जेवणाचा आकार मात्र पक्का आहे, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. टेबलाच्या मधोमध भोक पाडून त्यात शेगडी बसवलेली असते, वर जाळी. मांस कच्चं येतं, बोटाएवढ्या जाडीचं किंवा कागदासारखं पातळ. कोरियन पद्धतीत वाढणारी बाई चिमट्याने पट्टी उचलते आणि कात्रीने तिचे घास करते. जपानी पद्धतीत बहुधा ज्याचं त्यानेच भाजायचं. भोवती वाट्यांची रांग असते: किमची, मुळा, पालेभाजी. कोरियन माणूस पानात मांस, लसणाची पाकळी आणि थोडी आंबवलेली चटणी घालून पुडी करतो आणि ती एका घासात तोंडात टाकतो. या सगळ्यात धुराची अडचण मोठी होती. कपड्यांना वास लागतो म्हणून चांगल्या घरची माणसं, विशेषतः बायका, अशा ठिकाणी बसायला नाखूश असत. नागोयाच्या शिन्पो कंपनीने 1980 मध्ये धूर वर जाऊ न देता टेबलाखालच्या नळीतून ओढून घेणारी शेगडी काढली, आणि मजुरांच्या वस्तीतलं जेवण कुटुंबाचं जेवण झालं. माझ्या मते याकिनिकूच्या इतिहासात कुठल्याही पाककृतीपेक्षा ही नळी महत्त्वाची आहे.

आता पलासियाकडे परत येऊ. मंदसौरचा तह 1818 साली झाला, त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली, आणि त्याच तहाने जवळच महूची इंग्रजी छावणी वसली. मराठी कारकून, मारवाडी सराफ, पुढे फाळणीनंतर आलेले सिंधी, अशा बाहेरून आलेल्यांनी या शहराचं खाणं घडवलं. पण बाहेर खायचं तर कुणाच्या हातचं, हा प्रश्न त्या काळात जिव्हाळ्याचा होता. पुण्या-मुंबईच्या खाणावळी पाटीवर जात लिहीत आणि मुदपाकखाना मागे ठेवत. पाटीवर विश्वास ठेवायचा, आत डोकवायचं नाही. उत्तरेत आणि माळव्यात दुसरी वाट होती. पाण्यात शिजवलेली ‘कच्ची’ रसोई परक्याच्या हातची चालत नसे, तुपात तळलेली ‘पक्की’ चाले. सराफ्यात रात्री दागिन्यांच्या दुकानांपुढे कचोरी, जिलबी, मालपुवा, हिवाळ्यात गराडू यांच्या कढया लागतात, त्यामागे चवीइतकीच ही जुनी सवलत आहे. कढई रस्त्यावर आली, कारण तिथे काय तळलं जातंय ते सगळ्यांना दिसत होतं. जातीच्या पाटीची जागा हळूहळू डोळ्यांनी घेतली.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेल्या छप्पन दुकानाने हा बदल पुढे नेला. इथला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे जॉनी हॉट डॉगचा तवा. त्या ‘हॉट डॉग’मध्ये सॉसेज नसतो. पावात बटाट्याची किंवा मटणाची टिक्की असते आणि पाव तव्यावर खरपूस होतो. अंड्याचा प्रकार ‘बेंजो’ म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश फौजेत अंड्याच्या सँडविचला ‘एग बँजो’ म्हणत, आणि महूची छावणी इथून वीसेक किलोमीटरवर. नाव तिकडूनच आलं असावं, असा माझा तर्क आहे. तिकडे जपानात, कोबेमध्ये 1945 साली ‘मिसोनो’ या खाणावळीने गिऱ्हाइकापुढच्या लोखंडी पत्र्यावर मांस भाजायला सुरुवात केली, तिथून तेप्पानयाकी निघाली. ‘तेप्पान’ म्हणजे लोखंडी पत्रा, आपल्या भाषेत तवाच. छप्पनमधल्या बेंजोवाल्याला तेप्पानयाकी समजावून सांगायला दोन वाक्यं पुरतील.

यावर पहिला आक्षेप असा, की मांसच बदललं तर मग उरलं काय? मध्य प्रदेशात 2004 च्या कायद्याने गोवंशहत्येला बंदी आहे आणि इंदुरात जैन-वैष्णव घरं पुष्कळ आहेत. इथल्या शेगडीवर बोकड, कोंबडी, मासे, अळंबी, पनीर हेच यायचं. आक्षेप खरा आहे, पण ओसाकातली शेगडीही मिळेल त्या तुकड्यांवर उभी राहिली, हे विसरून चालत नाही. मग काहीही अस्सल म्हणायचं का? नाही. मांस स्वयंपाकघरात भाजून ताटात आणलं, की ते याकिनिकू राहिलं नाही, ते कितीही उंची असलं तरी. विस्तव मधे हवा, आणि घास भाजल्याक्षणी खाल्ला जायला हवा. या आकाराची ओळख मराठी माणसाला करून द्यावी लागत नाही. हुरड्याच्या आगटीभोवती बसणं तेच आहे: गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं, तळहातावर चोळलेले गरम दाणे, आणि बाजूला शेंगदाण्याची, लसणाची चटणी, गूळ, दही. माळव्यातला बाफलाही गोवऱ्यांच्या निखाऱ्यावरच भाजतात.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. एका शेगडीभोवती बसल्याने माणसं जवळ येतात, हा गोड समज आहे, असं कुणी म्हणेल. महूत जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्येच लिहिलं, की सहभोजनाने जात मोडत नाही. जपानचा दाखलाही त्यांच्याच बाजूने जातो. 1952 मध्ये तिथल्या कोरियनांचं जपानी नागरिकत्व गेलं, आणि त्यानंतरच्या दशकांत त्यांचं जेवण जपान्यांना आवडू लागलं. चव आत आली, माणसं दाराबाहेर राहिली. म्हणून मी समतेचा दावा करत नाही. माझा दावा लहान आहे: कुणाच्या हातचं खायचं, हा प्रश्न पाटीवरून डोळ्यांवर आला आणि शेगडीमुळे स्वतःच्या हातावर येऊ शकतो. हातात चिमटा असलेल्या माणसाला स्वयंपाक्याची जात विचारायचं कारणच पडत नाही.

जपान्यांचा या भागाशी संबंध नवा नाही. इंदूरजवळच्या पिथमपूरला 1980 च्या दशकात पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर तयार होऊ लागली, आयशरने मित्सुबिशीच्या सहकार्याने ट्रक काढले, पुढे ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आला. ओसाकाचा अनुभव सांगतो, की अशा जेवणाची पक्की दुकानं बहुधा कामासाठी आलेल्या माणसांच्या भुकेतून निघतात, आणि शेजारी मागाहून येतात. इंदूरला स्वच्छतेचा अभिमान आहे, छप्पन दुकानाची ओळही 2020 मध्ये वाहनं बंद करून नव्याने घडवलेली. त्या ओळीत टेबलाची शेगडी मांडायची झाली, तर कारागिराने पहिली चौकशी मसाल्याची न करता धुराच्या नळीची करायला हवी: ती फरशीखालून कुठे न्यायची आणि छपराबाहेर कुठल्या उंचीवर सोडायची.