शंभर मीटर की शंभर वर्षं?

कडेगावात आमची आजी दर हिवाळ्यात म्हणते, "आता कुठं पडतीया पयल्यासारखी थंडी?" मी पडलो कोड लिहिणारा. म्हटलं, थांब, आकडे बघून सांगतो.

आता बघा, कडेगाव येरळेच्या खोऱ्यात. येरळा पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, आणि कृष्णा उगवते महाबळेश्वरला, सुमारे 1,337 मीटरवर. खोरं एकच, पण वरचं हवामान वेगळं, खालचं वेगळं. त्यात आमचं गाव आधी सातारा जिल्ह्यात होतं, 1949 साली दक्षिण सातारा झाला, 1960 साली त्याचंच नाव सांगली. जुन्या नोंदी शोधायच्या तर आधी जिल्हा कुठला ते ठरवा!

थर्मामीटर तसे आधीही होते, पण एका पद्धतीने मोजमाप ठेवायची खरी सोय झाली 1875 साली, हवामान खातं निघाल्यावर. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. ही एकसारखी पद्धत का महत्त्वाची? कारण डोंगरात दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे थर्मामीटर नुसता शंभर मीटर वर नेला, की 0.65 अंशाचा फरक. आणि 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान किती वाढलं? सुमारे 0.7 अंश! जागा बदलल्याची नोंद कुणी केली नाही, तर शतकभराची वाढ एका बदलीत झाकली जाते. आमच्या भाषेत हा बग, आणि तो वर्षानुवर्षं सापडत नाही. अभ्यासक म्हणूनच आजूबाजूच्या केंद्रांशी ताडून बघतात. हिंदुकुश-हिमालयात 1951 ते 2014 मध्ये सुमारे 1.3 अंश वाढ दिसते, तीही अशीच चाळून.

आजीचा ओटा काही हलला नाही. पण त्याच्याभोवती पत्रे आले, डांबर आलं, टेंभू-ताकारीचं पाणी आलं, ऊस आला. भिजलेल्या रानाने दुपार थोडी निवते, डांबर रात्रीही ऊब सोडतं. मग आजीला जाणवतं ते जगाचं की आळीचं?

शेवटी ओट्यापलीकडे सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर थर्मामीटर टांगलाय. चुलत भाऊ रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहितो. हवामानाची सरासरी 30 वर्षांची धरतात, हे आजीला सांगितलं.

"तवर तूच म्हणत बस," ती म्हणाली, "थंडी ऱ्हायली न्हाय म्हणून."